घाम, मीठ आणि पाण्याची सवड : उन्हातील कष्टकऱ्यांच्या जल-क्षार गरजेचा इतिहास

प्रस्तावना

उन्हात अंगमेहनत करणाऱ्या माणसाला पाणी लागते, हे सांगण्यासाठी कोणत्याही शास्त्राची गरज नाही. परंतु त्या पाण्याबरोबर त्याला मीठही लागते, ते केव्हा लागते आणि न मिळाल्यास त्याच्या शरीराचे काय होते, याचे निश्चित ज्ञान विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच झाले. हे ज्ञान प्रयोगशाळेत जन्मले नाही. ते कोळशाच्या खाणीत, आगबोटींच्या बॉयलरसमोर, धरणाच्या पायथ्याशी आणि वाळवंटी छावणीत मिळाले. आज मात्र या विषयाचा उल्लेख होताच खेळाडूंच्या हातातील रंगीत पेयाची बाटली डोळ्यांसमोर येते. कष्टकऱ्याच्या शरीरावरून मिळालेले ज्ञान खेळाडूपर्यंत कसे गेले आणि मूळ कष्टकऱ्याच्या वाट्याला त्यातले किती आले, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. किती पाणी प्यावे या प्रश्नाइतकाच, काम थांबवून पाणी पिण्याची मुभा कोणाच्या हातात होती, हा प्रश्नही या इतिहासात महत्त्वाचा आहे.

विषयाच्या आकलनासाठी शरीरशास्त्रातील थोडी माहिती आवश्यक आहे. कष्टाचे काम करताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. हवा शरीराइतकीच किंवा त्याहून अधिक तापलेली असेल, तर ही उष्णता घालवण्याचा घामाचे बाष्पीभवन हा एकच मार्ग उरतो. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला, तर शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. घाम वाळला तरच हा लाभ होतो. कोकणातल्या दमट हवेत तो ओघळून जातो आणि विदर्भातल्या कोरड्या हवेत दिसण्यापूर्वीच उडून जातो. म्हणून कोकणातल्या मजुराला आपण घामाघूम झाल्याचे कळते, तर विदर्भातल्या मजुराला आपण किती पाणी गमावले याचा अंदाजच येत नाही. तीव्र उष्म्यात श्रम करणारा माणूस तासाला एक लिटर वा त्याहून अधिक घाम गाळू शकतो आणि त्या प्रत्येक लिटरबरोबर साधारणतः १ ते ३ ग्रॅम मीठ बाहेर जाते. रक्तातील सोडियमचे प्रमाण लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल या अरुंद पट्ट्यात राहावे लागते. पाण्यात विरघळल्यावर विद्युतभारित होणारे सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड आदी क्षार म्हणजेच वैद्यकाच्या परिभाषेतील इलेक्ट्रोलाइट. मज्जातंतू व स्नायू यांचा व्यवहार त्यांच्यावर चालतो.

पटकीच्या रुग्णांपासून खाणकामगारांपर्यंत

शरीरातून पाण्याबरोबर क्षारही जातात, हे प्रथम सिद्ध झाले ते श्रमाच्या नव्हे, तर पटकीच्या संदर्भात. १८३१ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये पटकीची साथ आली, तेव्हा विल्यम ब्रुक ओशॉनेसी या तरुण डॉक्टराने रुग्णांच्या रक्ताचे रासायनिक पृथक्करण केले आणि त्यातून पाणी व क्षार या दोहोंचा ऱ्हास झालेला असतो असे दाखवून दिले. त्याच्या निष्कर्षाच्या आधारे १८३२ मध्ये स्कॉटलंडमधील लीथ येथे टॉमस लॅटा याने रुग्णांच्या शिरेतून क्षारयुक्त पाणी दिले. मरणोन्मुख रुग्ण काही काळ तरी उठून बसले. ओशॉनेसी पुढे कलकत्त्यास आला. तेथील वैद्यकीय महाविद्यालयात त्याने अध्यापन केले आणि हिंदुस्थानातील तारयंत्राच्या उभारणीचा प्रमुख म्हणूनच तो अधिक ओळखला गेला. पटकीच्या उपचाराची त्याची सूचना मात्र जवळजवळ विस्मृतीत गेली.

श्रमिकांच्या बाबतीत हाच प्रश्न निराळ्या रूपाने पुढे आला. वाफेच्या युगात बॉयलरमध्ये कोळसा टाकणाऱ्या कामगारांना हातापायांत आणि पोटात असह्य गोळे येत. हा त्रास इतका नित्याचा होता की इंग्रजीत त्याला त्या कामगारांचेच नाव पडले. ब्रिटिश आगबोटींवर या कामासाठी हिंदी खलाशांची मोठ्या संख्येने भरती होत असे. जहाजावरील बोलीत त्यांना 'आगवाले' म्हणत. उष्ण देशातील माणसाला भट्टीची धग बाधत नाही, असा जहाज कंपन्यांचा सोयीस्कर समज होता. उष्णतेचा सराव झालेल्या माणसाच्या घामात मीठ कमी असते हे खरे आहे. परंतु त्याचा घाम लवकर आणि अधिक सुटतो, म्हणजे त्याला पाणी कमी नव्हे, जास्तच लागते. कंपन्यांच्या समजाचा हा दुसरा भाग कोणी विचारात घेतला नाही.

या गोळ्यांचे कारण पहिल्यांदा नीट शोधले गेले ते इंग्लंडमधील खोल कोळसा खाणींत. जॉन स्कॉट हॉल्डेन हे श्वसनक्रिया आणि खाणीतील हवा यांचे अधिकारी अभ्यासक होते. हवेच्या तापमानापेक्षा ओल्या फडक्याने वेढलेल्या तापमापीवरील आकडा माणसाच्या सहनशक्तीची खरी मर्यादा सांगतो, असे त्यांनी १९०५ मध्येच दाखवले होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली के. नेव्हिल मॉस यांनी उष्ण खाणीत काम करणाऱ्या कामगारांच्या घामाचे मोजमाप केले. एका पाळीत कामगार कित्येक किलो वजनाचा घाम गाळतो, त्यावर तो भरपूर साधे पाणी पितो आणि नेमके त्यानंतरच त्याला गोळे येतात, असे या अभ्यासात दिसून आले. पाणी अपुरे पडले म्हणून हे होत नव्हते. घामाबरोबर मीठ गेले आणि परत फक्त पाणी आले, म्हणून हे होत होते. पिण्याच्या पाण्यात अल्प प्रमाणात मीठ मिसळून देताच त्रास कमी झाला. मॉस यांचा हा शोधनिबंध रॉयल सोसायटीने १९२३ मध्ये प्रसिद्ध केला.

१९२३

योगायोगाची गोष्ट अशी की, याच १९२३ मध्ये हिंदुस्थानात मीठ आणि पाणी यांसंबंधी दोन निर्णय झाले. त्यांचा मॉस यांच्या शोधनिबंधाशी काहीही संबंध नव्हता. तरीही ही तीन पाने शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत.

पहिला निर्णय मिठावरील कराचा. १८८८ पासून हा कर मणाला अडीच रुपये होता. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ पासून केंद्रीय कायदेमंडळातील अर्थसंकल्पावरील भाषणांत त्याच्याविरुद्ध सातत्याने मांडणी केली. कराचा दर चढला की गरीब माणूस मीठ कमी खातो आणि दर उतरला की खप वाढतो, हे ते सरकारचेच आकडे देऊन सांगत. १९०३ मध्ये दर दोन रुपयांवर, १९०५ मध्ये दीड रुपयावर आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला. पुढे युद्धकाळात, १९१६ मध्ये, तो सव्वा रुपया झाला. १९२३ मध्ये अर्थसंकल्पातील तूट भरून काढण्यासाठी सरकारने तो एकदम दुप्पट, म्हणजे अडीच रुपये करण्याचा प्रस्ताव आणला. मध्यवर्ती कायदेमंडळाने तो फेटाळला. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी आपल्या विशेषाधिकारात तो मंजूर केला. पुढल्याच वर्षी दर पुन्हा सव्वा रुपयावर आणावा लागला. मण म्हणजे सुमारे ३७ किलो. माणशी वर्षाला सहा किलो मीठ धरले, तर अडीच रुपयांच्या दराने पाच जणांच्या कुटुंबावर वर्षाला सुमारे दोन रुपयांचा बोजा पडतो. रक्कम लहान आहे, असा युक्तिवाद सरकार पक्षाकडून होत असे. तथापि, ज्याच्या अंगातून रोज मीठ वाहून जाते त्याला ते इतरांहून जास्त विकत घ्यावे लागते, हा मुद्दा त्या युक्तिवादात नव्हता.

हा मुद्दा सात वर्षांनी नेमका मांडला गेला. २ मार्च १९३० रोजी लॉर्ड आयर्विन यांना लिहिलेल्या पत्रात महात्मा गांधींनी मीठ ही अशी एकच वस्तू असल्याचे म्हटले, जी गरिबाला श्रीमंतापेक्षा अधिक खावी लागते. स्वतः गांधींनी दक्षिण आफ्रिकेत असताना अळणी आहाराचा दीर्घ प्रयोग केला होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या या विधानाचे मोल वाढते. स्वतःचे पथ्य त्यांनी मजुरावर लादले नाही. दांडीनंतर शिरोड्याच्या आणि वडाळ्याच्या मिठागरांवर जे सत्याग्रह झाले, त्यांचा राजकीय इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. त्यांना श्रमिकाच्या शरीराचाही आधार होता, याची दखल क्वचितच घेतली गेली. मीठकर रद्द झाला तो १९४७ च्या एप्रिलमध्ये.

दुसरा निर्णय पाण्याचा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या किंवा सांभाळलेल्या पाणवठ्यांचा, विहिरींचा व धर्मशाळांचा वापर अस्पृश्य मानलेल्या वर्गांना करू द्यावा, असा हा ठराव होता. महाडच्या नगरपालिकेने त्यास अनुसरून चवदार तळे खुले केल्याचे १९२४ मध्ये जाहीर केले. ते कागदावरच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, त्यानंतरही न्यायालयीन लढा १९३७ पर्यंत चालला. महाडचा सत्याग्रह समतेच्या तत्त्वासाठी होता आणि त्याला केवळ तहानेच्या प्रश्नात बसवणे चुकीचे ठरेल. परंतु उन्हाळ्यात शेतावर, रस्त्यावर, बांधकामावर राबणाऱ्या माणसांत सर्वाधिक अंगमेहनतीची कामे ज्यांच्या वाट्याला येत, त्यांनाच जवळचा पाणवठा वर्ज्य होता, ही वस्तुस्थिती जल-क्षारांच्या इतिहासातून वगळता येत नाही. इंग्लंडमधील खाणकामगाराच्या पाण्यात मीठ किती असावे याचा विचार होत असताना, येथील मजुरापुढे पाणी वरून ओंजळीत ओतले जाण्याची वाट पाहण्याचा प्रश्न होता.

बोल्डर धरण

अमेरिकेतील कोलोरॅडो नदीवरील बोल्डर धरणाचे, म्हणजे पुढे हूवर धरण या नावाने प्रसिद्ध झालेल्या बांधकामाचे, काम १९३१ मध्ये सुरू झाले. महामंदीचा काळ होता. कामाच्या आशेने हजारो बेकार कुटुंबांसह वाळवंटात येऊन राहिले. त्या उन्हाळ्यात दरीतील तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जात होते. २५ जून ते २६ जुलै १९३१ या एका महिन्यात कामगार आणि नदीकाठच्या वस्तीतील इतर लोक मिळून १६ जण उष्म्याने दगावले. ऑगस्टमध्ये मजुरीत कपात होताच कामगारांनी संप पुकारला. वेतनाच्या मागणीबरोबर त्यांच्या मागण्यांत छावणीत स्वच्छ पाणी व शौचालये असावीत आणि कामाच्या जागी बर्फाचे थंड पाणी मिळावे, या मागण्याही होत्या. कंत्राटदारांनी त्या फेटाळल्या आणि संप काही दिवसांत मोडला.

पुढल्या वर्षी, १९३२ च्या उन्हाळ्यात, हार्वर्ड विद्यापीठाच्या थकवा-संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ तेथे आले. १९२७ मध्ये स्थापन झालेली ही प्रयोगशाळा श्रमाच्या शरीरशास्त्रासाठी प्रसिद्ध होती. डेव्हिड ब्रूस डिल, जॉन टॅलबट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोळे येणाऱ्या कामगारांचे रक्त, लघवी व घाम तपासला. रुग्णांच्या रक्तात सोडियम व क्लोराइड कमी होते आणि लघवीत क्लोराइड जवळजवळ नव्हतेच. शरीर उरलेले मीठ राखून ठेवण्याची शिकस्त करत होते. क्षारयुक्त पाणी शिरेतून देताच गोळे सुटत. नव्याने आलेल्या कामगाराच्या घामात मीठ अधिक आणि काही दिवस उष्म्यात काम केलेल्याच्या घामात कमी असते, हेही या अभ्यासातून पुढे आले. या अनुकूलनामागे अधिवृक्क ग्रंथीचा हात आहे, हे पुढच्या काळात जेरोम कॉन यांच्या अभ्यासाने आणि १९५३ मध्ये ॲल्डोस्टेरॉन या संप्रेरकाच्या शोधाने उलगडले.

या इतिहासातला क्रम लक्षणीय आहे. बर्फाच्या पाण्याची मागणी कामगारांनी १९३१ मध्ये केली आणि ती नाकारली गेली. १९३२ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच छावणीतील शरीरे तपासून भरपूर पाणी आणि जेवणात पुरेसे मीठ हा सल्ला दिला. मागणी म्हणून जे ऐकले गेले नाही, ते निष्कर्ष म्हणून ऐकले गेले.

या शोधाचा एक विपर्यासही झाला. त्यानंतरच्या दशकांत कारखान्यांत, सैन्यात आणि खेळाच्या मैदानांवर मिठाच्या गोळ्या सर्रास वाटल्या जाऊ लागल्या. पाण्याशिवाय घेतलेली मिठाची गोळी पोट बिघडवते आणि रक्तातील सोडियम धोकादायक रीतीने वाढवू शकते. मॉस आणि डिल यांनी मिठाची गरज पाण्याच्या संदर्भात सांगितली होती. व्यवस्थापनाला मात्र गोळीची बाटली ठेवणे सोपे गेले, थंड पाण्याची सोय आणि विश्रांतीचा वेळ देणे नव्हे.

तहानेची शिस्त

सैन्यात आणि क्रीडाक्षेत्रात एक जुनी श्रद्धा होती की, पाणी कमी पिण्याची सवय लावता येते आणि ती मर्दपणाची खूण आहे. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमधील मॅरेथॉन शर्यत सुमारे ३२ अंश तापमानात, धुळीच्या रस्त्यावरून झाली. पाण्याची सोय मुद्दाम मर्यादित ठेवली होती, कारण संयोजकांना तहानेचा परिणाम पाहायचा होता. ३२ स्पर्धकांपैकी १४ जणच शर्यत पूर्ण करू शकले. विजेता टॉमस हिक्स पाणी मागत होता. सोबत्यांनी ते नाकारून त्याला स्ट्रिक्निन आणि ब्रँडी पाजली. अमेरिकन फुटबॉलच्या सरावात पाण्याला मनाई करण्याची रीत तर १९६० च्या दशकापर्यंत टिकली.

दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात लढण्यासाठी सैनिकांना तयार करताना, कमी पाण्यावर भागवण्याचे प्रशिक्षण देण्याचा प्रयत्न अमेरिकन सैन्याने केला. या समजुतीची कसोटी रॉचेस्टर विद्यापीठाचे एडवर्ड ॲडॉल्फ यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात घेतली. त्यांचे निष्कर्ष १९४७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. तहान सोसण्याचा सराव होत नाही. पाणी राखून ठेवल्याने घाम कमी येत नाही, माणूस फक्त लवकर गळून पडतो. त्यामुळे पाणी बुधल्यात जपण्यापेक्षा पोटात असलेले बरे. त्यांनी आणखी एक सूक्ष्म गोष्ट नोंदवली. पाणी मुबलक उपलब्ध असतानाही चालणारा माणूस गमावलेल्या पाण्याच्या बरोबरीने पीत नाही आणि उरलेली तूट जेवणाच्या वेळी भरून काढतो. म्हणजे कामकऱ्याला पाण्याइतकीच जेवणाची निवांत सुट्टीही आवश्यक असते. १९४४ मध्ये हार्वर्डच्या त्याच प्रयोगशाळेतील पिट्स, जॉन्सन व कॉन्सोलाझिओ यांनी दाखवले की, घामाइतके पाणी तासातासाला पिणारा माणूस सर्वांत चांगले काम करतो. सराव झालेल्या आणि नेहमीच्या जेवणातून मीठ घेणाऱ्या माणसाला मात्र दर तासाला वेगळे मीठ घेण्याने विशेष लाभ होत नाही.

थोडक्यात, आवश्यक ते ज्ञान १९४७ पर्यंत जवळजवळ पूर्ण झाले होते. ज्वारीची भाकरी, मिठाचा ठेचा, कांदा, मीठ घातलेले ताक किंवा कोकणातली पेज हा येथील शेतमजुराचा दुपारचा आहार याच तत्त्वाशी जुळतो. यावरून पूर्वजांना इलेक्ट्रोलाइटचे शास्त्र अवगत होते, असा अभिमानी निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. अनुभवाने टिकलेला आहार आणि मोजमापाने सिद्ध झालेले कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय ताक आणि पन्हे हे सर्वच घरांत रोज परवडत होते, असेही नाही.

जलसंजीवनी आणि बाटली

१९६० च्या दशकात हे ज्ञान दोन भिन्न वाटांनी पुढे गेले. १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी आतड्यात ग्लुकोजबरोबर सोडियमही शोषले जाते, ही यंत्रणा मांडली. सोडियमच्या पाठोपाठ पाणी जाते. म्हणजे मीठ आणि साखर योग्य प्रमाणात एकत्र दिल्यास अतिसारातही तोंडावाटे पाणी शरीरात मुरते. कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी तोंडावाटे मीठ-ग्लुकोज देऊन पटकीच्या रुग्णांवर केलेल्या उपचाराची माहिती १९५३ मध्येच प्रसिद्ध केली होती. त्यामागची यंत्रणा तेव्हा ज्ञात नव्हती. १९६८ मध्ये ढाका येथील संशोधनाने या उपचाराला पक्का आधार दिला. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगाव येथील निर्वासित छावणीत शिरेतून द्यायचे द्रावण संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा मिसळून ते पिंपांत भरून नातेवाइकांच्या हाती दिले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. मराठी घराघरांत 'जलसंजीवनी' म्हणून परिचित असलेले पाकीट ते हेच. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याचे सूत्र बदलून सोडियम ९० वरून ७५ मिलिमोलवर आणले. डॉ. महालनबीस यांना पद्मविभूषण मिळाले ते २०२३ मध्ये, त्यांच्या निधनानंतर.

दुसरी वाट फ्लोरिडा विद्यापीठातून निघाली. १९६५ मध्ये तेथील फुटबॉल प्रशिक्षकाने मूत्रपिंडतज्ज्ञ रॉबर्ट केड यांना विचारले की, सामन्यानंतर खेळाडूंना लघवी का होत नाही. केड यांनी पाणी, साखर, मीठ, पोटॅशियम व फॉस्फेट यांचे पेय केले. चव नकोशी होती, म्हणून पत्नीच्या सूचनेवरून लिंबाचा रस घातला. विद्यापीठाच्या संघाच्या नावावरून त्याला गेटोरेड म्हणू लागले. १९६७ मध्ये एका खाद्यपदार्थ कंपनीने त्याच्या विक्रीचे हक्क घेतले. जलसंजीवनीवर कोणाचाही मालकीहक्क राहिला नाही. गेटोरेडच्या उत्पन्नावरून मात्र केड आणि विद्यापीठ यांच्यात वाद झाला. या पेयात सोडियम लिटरला सुमारे २० मिलिमोल, म्हणजे जलसंजीवनीच्या जवळजवळ एक-चतुर्थांश असते. दोन्ही गोष्टी एकच समजणे योग्य नाही. अतिसाराच्या रुग्णाला खेळाडूचे पेय पुरेसे नाही आणि धावणाऱ्याला जलसंजीवनी खारट लागते.

खाण आणि मैदान यांना जोडणारा दुवाही येथे सापडतो. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींत आफ्रिकी कामगारांना उष्म्याची सवय लावण्याचे संशोधन १९३० च्या दशकापासून चालू होते. त्याच परंपरेतील सिरिल विंडहॅम व निकोलास स्ट्रायडम यांनी १९६९ मध्ये मॅरेथॉन धावपटूंना अपुऱ्या पाण्याचा धोका दाखवणारा शोधनिबंध लिहिला. त्यानंतर सल्ल्याचा लंबक दुसऱ्या टोकाला गेला. १९९६ मध्ये अमेरिकन क्रीडावैद्यक महाविद्यालयाने, घामाइतके किंवा सहन होईल तेवढे जास्तीत जास्त द्रव प्यावे, असे मार्गदर्शन केले. ही संस्था आणि पेय उत्पादक यांच्यातील आर्थिक संबंधांवर पुढे ब्रिटिश मेडिकल जर्नलने २०१२ मध्ये टीका केली.

या अतिरेकाचा धोका दक्षिण आफ्रिकेतच प्रथम उघड झाला. १९८१ च्या कॉम्रेड्स शर्यतीत एक धावपटू स्त्री अतिपाण्याने बेशुद्ध पडली. टिम नोक्स यांनी अशा रुग्णांची माहिती १९८५ मध्ये प्रसिद्ध केली. दीर्घ श्रमात शरीर पाणी राखणारे संप्रेरक सोडत राहते, मूत्रपिंड जादा पाणी वेळेवर बाहेर टाकू शकत नाही, रक्तातील सोडियम उतरते आणि मेंदूला सूज येते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये एका तरुणीचा या कारणाने मृत्यू झाला. त्याच शर्यतीतील ४८८ धावपटूंच्या रक्ताच्या तपासणीचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. १३ टक्के धावपटूंचे सोडियम कमी होते आणि ते प्रामुख्याने शर्यतीत वजन वाढलेल्यांचे होते. साधे पाणी प्याले की क्रीडापेय, याने फरक पडला नव्हता. १९२३ मध्ये हॉल्डेन-मॉस यांनी साध्या पाण्याच्या अतिरेकाविषयी जे सुचवले होते, त्याचे उग्र रूप ८० वर्षांनी पुन्हा समोर आले. २००७ मध्ये क्रीडावैद्यक महाविद्यालयाने आपला सल्ला बदलला. वजनाच्या दोन टक्क्यांहून अधिक पाणी कमी होऊ देऊ नये आणि घामाहून अधिक पिऊही नये, असा तो सल्ला होता. तहान लागेल तेव्हा पिणे हीच सुरक्षित वाट, असा पक्ष आज अनेक अभ्यासक घेतात.

तहान लागेल तेव्हा

परंतु तहान लागेल तेव्हा पिण्यासाठी तशी मोकळीक हवी. हौशी धावपटूला ती असते. मुकादमाच्या नजरेखाली राबणाऱ्याला ती नसते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या १८ व्या कलमाने पिण्याच्या पाण्याची सोय बंधनकारक केली आणि अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत उन्हाळ्यात ते थंड करून देण्याची तरतूद केली. हे संरक्षण कारखान्याच्या भिंतींच्या आत होते. उघड्यावरच्या मजुरासाठी महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळातून आकाराला आलेल्या रोजगार हमीच्या कामांवर आणि पुढे २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याच्या अनुसूचीत पाणी, सावली व विश्रांतीची तरतूद झाली. शेतावरील खाजगी मजुरी या सर्वांच्या बाहेरच राहिली.

ऊसतोडीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणाऱ्या तोडणी कामगारांत नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरला जातो. उचल आधी घेतलेली असते, मजुरी टनावर ठरते आणि खाडा झाला तर दंड कापला जातो. अशा व्यवहारात पाणी पिण्यासाठी थांबलेली मिनिटे मजुराच्या स्वतःच्या खिशातून जातात. स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. फडात व पालांजवळ शौचालय नसल्याने अनेक जणी दिवसा पाणी पिणेच टाळतात. पाणी उपलब्ध नसते म्हणून नव्हे, तर ते प्याल्यावर जायचे कोठे म्हणून. १९३१ मध्ये बोल्डरच्या संपकऱ्यांनी पाणी आणि शौचालय यांची मागणी एकाच यादीत का घातली होती, हे येथे स्पष्ट होते.

मध्य अमेरिकेत ऊसतोड कामगारांच्याच संदर्भात एक गंभीर गोष्ट पुढे आली आहे. एल साल्वादोर व निकाराग्वा येथे मधुमेह वा रक्तदाब नसलेल्या तरुण तोडणी कामगारांत मूत्रपिंडे निकामी होण्याचे प्रमाण मोठे असल्याचे २००२ पासूनच्या अभ्यासांत दिसून आले. कारणांबाबत मतभेद आहेत. परंतु रोजचा उष्मा, अतिश्रम आणि वारंवारचे निर्जलीकरण यांचा त्यात मोठा वाटा असावा, असे बहुतेक संशोधक मानतात. तेथे पाणी, विश्रांती आणि सावली या तीन गोष्टी एकत्र देण्याचे प्रयोग झाले. त्यात पाण्याबरोबर विश्रांतीच्या ठरावीक वेळा आणि शेतात हलवता येणारे मांडव होते.

कॅलिफोर्नियात २००५ च्या उन्हाळ्यात शेतमजुरांचे मृत्यू झाल्यावर त्या राज्याने उघड्यावरील कामासाठी नियम केला. प्रत्येक मजुरामागे तासाला सुमारे एक लिटर पिण्याचे पाणी, जवळ सावली आणि उष्मा सोसवेनासा झाल्यास सावलीत जाऊन बसण्याचा अधिकार त्याने दिला.  आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार जगातील २४१ कोटी कामगार वर्षाच्या काही काळात तरी अतिउष्म्याला सामोरे जातात.